दिखाऊ चोखणीची आठ पानं

आई आणि तिचं तान्हं बाळ यांच्यामध्ये निसर्गानं तिसऱ्या कुणासाठी जागा ठेवलेली नाही. त्या न ठेवलेल्या जागेत मॅडम सव्वीस वर्षं टॉर्च घेऊन उभ्या होत्या.

मॅडम नर्सिंग कॉलेजात शिकवत. विषय बालसंगोपन; त्यातही अंगावर पिणारी बाळं; त्यातही न पिणारी. बाळानं तोंड किती उघडलं, खालचा ओठ बाहेर वळला की आत दुमडला, हनुवटी टेकली की अधांतरी राहिली, गाल फुगला की त्याला खळी पडली, हे सगळं त्या टॉर्चच्या उजेडात बघत आणि एकवीस रकान्यांच्या तक्त्यात मांडत. ‘पकड बघा, पकड!’ हे दिवसातून इतक्यांदा म्हणत की विद्यार्थिनींनी त्यांचं नावच पकडबाई ठेवलं होतं. मॅडमना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. पण आवडलेलं दाखवलं की मुली टोपणनाव बदलतात आणि पुढचं याहून वाईट असतं, हे त्यांनी इतर मास्तरणींच्या बाबतीत पाहिलं होतं.

प्रात्यक्षिकाच्या खोलीत एक रबरी बाहुला होता आणि पायमोज्यात कापूस भरून शिवलेला एक स्तन होता. बाहुल्याचं तोंड कारखान्यातूनच मिटून आलं होतं. त्यामुळे कॉलेजातून बाहेर पडलेल्या दीडेक हजार नर्सेस तोंड न उघडणाऱ्या बाळाच्या बाबतीत चांगल्याच तयार झाल्या होत्या. उघडणारं बाळ समोर आलं की मात्र त्यांची पंचाईत व्हायची.

पण मॅडमची खरी कीर्ती वेगळीच होती. ‘दिखाऊ चोखणी’ हा त्यांचा शोध. काही बाळं, मॅडम सांगत, पिण्याचं नुसतं नाटक करतात. पकड उत्तम, एकवीसपैकी वीस मार्क, जबडा हलतोय, आई खूश. आणि पोटात काही नाही. हे कळायचं कसं? तर वजनावरून. दुधाआधी बाळाचं वजन करायचं, वीस मिनिटं पाजायचं, पुन्हा वजन करायचं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की उरेल ते दूध. तिसरीतल्या पोरालाही जमेल अशी वजाबाकी. म्हणूनच तिच्यावर शंका घ्यायचं कुणा विद्वानाला सुचलं नाही. अकरा वर्षांत मॅडमनी चारशे बारा बाळं अशी तोलली. त्यातल्या एकशे चाळीस बाळांच्या वजाबाकीत जवळजवळ काही उरलंच नाही. ही ती नाटकी बाळं.

रोग आला की उपायही आला. मॅडमची ‘त्रि-उशी पद्धत’ अशी: एक उशी बाळाखाली, एक आईच्या पाठीशी, एक तिच्या पावलांखाली, आणि बाळाचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून आईचं तोंड कोऱ्या भिंतीकडे. आठवडाभरात बाळं बाळसं धरू लागत. एकशे चाळीसपैकी एकशे अडतीस बरी झाली. उरलेल्या दोघांच्या घरच्यांनी बिऱ्हाड बदललं आणि पत्ता ठेवला नाही. ती दोघंही बरीच झाली असणार याची मॅडमना खात्री होती, पण न पाहिलेलं मोजायचं नाही, एवढा सच्चेपणा त्यांच्यात होता.

आणि आता त्याचं फळ पदरात पडत होतं. नर्सिंगच्या मुली तीन वर्षं जे दोन किलोचं पाठ्यपुस्तक उराशी धरून हिंडतात, त्याच्या नव्या आवृत्तीत दिखाऊ चोखणीला आठ पानं मिळाली होती. स्वतंत्र प्रकरण. मथळ्याखाली मॅडमचं नाव. प्रुफं घरी आली होती आणि दहा दिवसांत तपासून परत द्यायची होती. मॅडमचे यजमान हयात नव्हते, निवृत्तीला दीड वर्ष होतं, आणि आपण गेल्यावर आपलं म्हणून काय उरणार या प्रश्नाला त्यांच्याकडे पहिल्यांदाच पानांच्या हिशेबात उत्तर होतं.

नेमकी त्याच सुमारास त्यांची लेक बाळंत होऊन दवाखान्यातून आपल्या घरी आली होती. मॅडमनी रजा टाकली, प्रुफं, टॉर्च आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटा पिशवीत भरला आणि त्या लेकीच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी मुक्कामाला गेल्या.

तिथे आधीच विहीणबाई होत्या. विहीणबाईंनी चार मुलं वाढवली होती, चारही हयात होती, आणि त्याबद्दल त्यांनी एक ओळही लिहिली नव्हती.

जावई मात्र पहिल्या दिवसापासून मॅडमच्या बाजूचा. तो लिफ्ट तपासायच्या खात्यात होता आणि बाळासाठी सध्या रजेवर. त्याच्या नोकरीत प्रत्येक गोष्टीची लेखी यादी असे, यादीतलं कलम वाचायचं, तसं करायचं आणि समोर खूण करायची. लग्नाला तीन वर्षं झाली तरी सासूबाईंशी काय बोलावं हे त्याला सापडलं नव्हतं. मॅडमनी ‘बाळाचे वजन करण्याची पद्धत’ हा प्लास्टिकमध्ये मढवलेला नऊ कलमी कागद त्याच्या हातात दिला, तेव्हा त्याला सासूबाई प्रथमच आपल्या माणसासारख्या वाटल्या. त्यानं कागद खिळ्याला टांगला आणि शेजारी दोरीला पेन्सिल बांधली.

पहिलं वजन झालं. वीस मिनिटं पाजून झालं. जावयानं बाळाला नेलं, आतल्या खोलीत कागदाप्रमाणे सगळं केलं आणि काट्यावर ठेवलं.

“तीन हजार चारशे अठरा,” तो म्हणाला.

“आधी किती होतं?” मॅडमनी विचारलं.

जावयानं वही पाहिली. मग वही तिरकी करून पाहिली. “तीन हजार चारशे वीस.”

विहीणबाई म्हणाल्या, “म्हणजे बाळानंच आईला पाजलं म्हणायचं.”

“दिखाऊ चोखणी,” मॅडम हळूच म्हणाल्या. आवाजात काळजी होती, पण खरं सांगायचं तर त्यात थोडी अभिमानाची छटाही होती. आपलीच नात, आणि आपल्याच प्रकरणातलं लक्षण!

लेकीचा चेहरा उतरला. “आई, मला येत नाहीये का गं?”

“तुझं काही चुकत नाही. ही नाटक करतेय.”

“वीस दिवसांची आहे ती!”

“लवकर शिकतात,” मॅडम म्हणाल्या.

नाटकी बाळ हातपाय सैल सोडून झोपलं होतं. ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ हनुवटीपर्यंत आला होता. मॅडमनी तो कापसानं टिपला आणि तक्त्यात लिहिलं: ओठांवर दुधाचा आभास.

“अहो विहीणबाई,” विहीणबाई म्हणाल्या, “तोंडातून दूध गळतंय, ढेकर दिलीय, पोट टम्म झालंय. आणखी काय हवं? पावती?”

“हे शास्त्र आहे, विहीणबाई.”

“असू दे हो. माझी चारही पोरं अडाणीच निघाली. नुसती प्यायची.”

त्रि-उशी पद्धत सुरू झाली. घरात उशा पाच. तीन पद्धतीला गेल्या, एक जावयाची, म्हणजे राहिली एक, आणि विहीणबाई व मॅडम एकाच खोलीत झोपत. विहीणबाईंनी उशी काही न बोलता मॅडमच्या गादीवर ठेवली आणि स्वतः घडी घातलेल्या टॉवेलवर डोकं टेकलं. त्या न बोलण्याचा आवाज चार दिवस घरभर येत होता.

लेक दिवसातून आठ-दहा वेळा भिंतीकडे तोंड करून बसे. भिंतीवर कॅलेंडर होतं, तेही मॅडमनी काढायला लावलं. दर वेळी वीस मिनिटांनी जावई आतल्या खोलीतून बाळ आणून काट्यावर ठेवी आणि शिक्षा सुनावल्यासारखा आकडा वाचे. अधिक तीन. उणे पाच. अधिक शून्य. एखाद्या वेळी एकदम अधिक चाळीस येई आणि सगळे आनंदत. पुढच्या वेळी पुन्हा उणे. लेकीनं तिसऱ्या दिवशी रडणं थांबवलं आणि बोलणंही. ती दूध देताना बाळाच्या तोंडाकडे बघायची थांबली. पाठमोरी बसल्या बसल्या एवढंच म्हणाली, “आई, बाहेरचं दूध सुरू करूया का? मी काही कामाची नाही, हे तर दिसतंच आहे.”

मॅडमनी अशा पाठमोऱ्या बायका एकशे चाळीस पाहिल्या होत्या. पण त्यातली एकही त्यांची नव्हती. त्या दिवशी प्रुफाच्या तिसऱ्या पानावर ‘या काळात मातेचे मनोधैर्य तात्पुरते खचू शकते’ या वाक्याशी त्या बराच वेळ थांबल्या आणि मग ‘खचू’मधला तुटलेला उकार दुरुस्त करून पुढे गेल्या.

पाचव्या दिवशी दुपारी समोरच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे तीन माणसांसह अडकली. जावयाला फोन आला तेव्हा पाजणं संपतच आलं होतं. “आई, दुसरं वजन राहिलंय,” तो पायात बूट घालता घालता म्हणाला, “कलम नऊ विसरू नका हं!” आणि पळाला. लेक उशांच्या ढिगातच झोपी गेली. विहीणबाई खाली भाजी आणायला गेल्या होत्या.

बाळाला घेऊन मॅडम आतल्या खोलीत आल्या. कलम नऊ त्यांनीच लिहिलं होतं: ‘काट्यावर ठेवण्यापूर्वी बाळ कोरडे असल्याची खात्री करावी.’ संशोधनाच्या पहिल्याच वर्षी एका बाळानं इलेक्ट्रॉनिक काट्यावर शू केली होती. त्यानंतर दोन दिवस काटा प्रत्येक बाळाचं वजन आठ किलो दाखवत होता, आणि भांडारपालानं नवा काटा देण्याआधी मॅडमकडून तीन अर्ज लिहून घेतले होते. तेव्हापासून कलम नऊ.

बाळ ओलं होतं. आता ही गोष्ट ऐकायला साधी आहे, पण मॅडमच्या आयुष्यात ती नवी होती. वॉर्डात कामाची वाटणी पक्की होती. बाळाचं वरचं टोक मॅडमचं आणि खालचं टोक मावशींचं. मॅडम टॉर्च घेऊन येत तोवर बाळ स्वच्छ, कोरडं, पावडर लावलेलं असे. अकरा वर्षांत चारशे बारा बाळांचा एवढा सखोल अभ्यास झाला, पण तो गळ्याच्या वरचा.

त्यांनी लंगोट सोडला. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात ओला लंगोट, आणि बादली दाराबाहेर. जवळ होतं ते काट्याचं तबक. त्यांनी लंगोट तिथे ठेवला आणि कोरडा शोधायला वळल्या.

काटा टूं असं वाजला. आकडा स्थिर झाला की वाजायचा. मॅडमनी सवयीनं पाहिलं आणि सवयीनं वहीत लिहिलं: एक्कावन्न.

मग त्यांनी आपण काय लिहिलंय ते वाचलं.

त्यांनी बाळाला गादीवर ठेवलं, तबक पुसलं आणि कोरडा लंगोट ठेवला. अठरा. मग तो बाळाला बांधून त्याला काट्यावर ठेवलं: दुधाआधीपेक्षा सहा ग्रॅम जास्त. मॅडम स्टुलावर बसल्या. एक्कावन्नातून अठरा गेले, तेहतीस. तेहतीस आणि सहा, एकोणचाळीस. बाळ एकोणचाळीस ग्रॅम दूध प्यायलं होतं. त्यातलं मागच्या दाराचं तेहतीस ग्रॅम जावई गेले चार दिवस, कलम नऊप्रमाणे, दर वेळी सोडून बादलीत टाकत होता आणि समोर खूण करत होता.

अधिक चाळीस केव्हा यायचं, तेही आता कळलं. बाळ कोरडं निघालं की.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम रजेवर असूनही वॉर्डात गेल्या. मावशी दोरीवर लंगोट वाळत घालत होत्या.

“मावशी, आपल्या वजनांच्या वेळी, दूध पाजून झालं की लंगोट कोण बदलायचं?”

“कोण म्हणजे? मीच की,” मावशी म्हणाल्या. “अकरा वर्षं. एकदा चुकवलं नाही. तुमचा कागद तोंडपाठ आहे मला.”

“सगळ्याच बाळांचा बदलायचात?”

“ओला असेल त्याचाच. कोरडा कशाला बदलू? धुवायचा मलाच ना?”

“आणि ओला साधारण किती बाळांचा असायचा?”

मावशींनी चिमटा तोंडातून काढून विचार केला. “तिघांत एकाचा. वर थोडे.”

चारशे बारात तिघांत एक, वर थोडे. मॅडमना कागद लागला नाही.

“काही चुकलं का मॅडम माझं?”

“नाही मावशी. तुम्ही लिहिलं होतं तेच केलंत.”

“तेच म्हणते मी,” मावशी म्हणाल्या. “नाहीतर त्या नव्या पोरी! आळशी मेल्या. ओल्यासकट काट्यावर ठेवतात.”

घरी परतताना मॅडमनी शास्त्रज्ञाला शोभेल अशा शांतपणे स्वतःची समजूत घातली. सगळ्या जगात हे दोनच माणसांना माहीत आहे. त्यातल्या मावशींना आपल्याला माहीत आहे हेच माहीत नाही. कुणाचं नुकसान झालं? कुणाचंच नाही. एकशे अडतीस बाळं बरी झाली; आजारी नसलेली बाळं बरी करायचं प्रमाण इतकं चांगलं असणारच. उशी काही विष नव्हे. प्रकरण छापलं तर फार तर देशभरातल्या बायका तीन-तीन उशा घेऊन बसतील. भिंतीकडे तोंड करून.

भिंतीपाशी त्यांची समजूत अडली.

लेक तशीच बसली होती, पाठमोरी. मॅडमनी तिच्या पायाखालची उशी काढली, मग पाठीची.

“आता काय?” लेक म्हणाली. “चार उशा?”

मॅडमनी सांगितलं. काटा, लंगोट, कलम नऊ, मावशी, सगळं. व्याख्यानासारखं, क्रमानं. जावई दारात उभा होता, तो जाऊन खिळ्याला टांगलेला कागद पुन्हा वाचून आला आणि म्हणाला, “पण मी कलमाबाहेर काहीच केलेलं नाही.”

“म्हणजे ही पीत होती?” लेकीनं विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि मला येत होतं.”

“उत्तम येत होतं. एकवीसपैकी वीस.”

लेक आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसू लागली आणि बाळ दचकून सुटलं. तिनं त्याला परत लावलं, मॅडमकडे न बघता, टॉर्चशिवाय. “आई, मी पाच दिवस भिंत बघितलीय. तिच्यावर कुठे कुठे पोपडा आहे ते मला झोपेतही सांगता येईल. हे मला लिहून दे.”

“काय लिहून देऊ?”

“हेच. बाळ पहिल्यापासून नीट पीत होतं, आईचं काही चुकत नव्हतं. खाली सही.”

“अगं, घरातल्या घरात कसला कागद?”

“तुझा शब्द मी पाच दिवस कागदावरूनच ऐकलाय.”

“शिक्काही मारा,” विहीणबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. पण म्हणता म्हणता त्यांनी मॅडमपुढे चहाचा कप ठेवला, आणि आपली घडी केलेली टॉवेलची उशी उचलून कपाटात टाकली.

मॅडमनी लिहून दिलं. सही केली. सही करताना पेन जरा रेंगाळलं, कारण हाताखाली ठेवायला म्हणून टेबलावरची प्रुफंच घेतली होती. एका कागदावर त्यांच्या सहीनिशी लिहिलं होतं की बाळ पीत होतं. त्याच्या खालच्या आठ पानांवर त्यांच्याच नावानिशी छापलं होतं की पीत नव्हतं. अशा एकशे चाळीस बायका कुठे कुठे होत्या, आणि लिहून मागायला त्यांच्यापैकी एकीचीही आई नर्सिंगमध्ये नव्हती.

त्यांनी लाल पेन उघडलं आणि मथळ्यापासून सुरुवात करून आठही पानांवर एकेक तिरकी रेघ मारली. आठव्या पानाच्या तळाशी लंगोटाचा खुलासा नऊ ओळींत लिहिला. त्या नऊ ओळी, असं लेक पुढे सांगते, आईनं आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात चांगलं गद्य आहे.

पंधरा दिवसांनी संपादकांचं उत्तर आलं. पत्र सौजन्यपूर्ण होतं. प्रुफाच्या टप्प्यावर फक्त ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका घेता येतात. आठ पानं काढली तर पुढच्या सहाशे पानांचे आकडे बदलतील. शिवाय तीन तज्ज्ञांनी प्रकरण वाचून पसंत केलं आहे, आणि तज्ज्ञांचं मत लेखिकेच्या मतापेक्षा वरचढ मानण्याची संस्थेची परंपरा आहे. ‘खचू’चा उकार तेवढा घेतला होता.

मॅडम हटल्या नाहीत. नर्सिंगच्या मासिकाला त्यांनी चूक दुरुस्तीचं पत्र पाठवलं. ते शेवटच्या पानावर, बेडपॅनच्या जाहिरातीखाली छापून आलं. प्राचार्यांनी बोलावून घेतलं आणि निवृत्ती जवळ आली की माणसं अशी हळवी होतात, असं समजावलं. मॅडमनी नऊ कलमी कागद फाडला, वॉर्डातल्या जादा उशा कपड्यांच्या खोलीत परत पाठवल्या, मावशींना वर्गात बोलावून बाळाच्या खालच्या टोकावर दोन तास बोलायला लावलं. मुलींनी पहिल्यांदाच न सांगता टिपणं घेतली. नव्या आवृत्तीतलं ते प्रकरण उघडून मॅडमनी प्रत्येकीला आठ पानांवर पेन्सिलीनं रेघ मारायला सांगितली, आणि बाळाच्या वजनात त्याचा लंगोटही धरायचा, हे वाक्य सगळ्या वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतलं.

त्या वर्षीच्या परीक्षेत ‘दिखाऊ चोखणीची कारणे लिहा’ असा पाच मार्कांचा सक्तीचा प्रश्न आला. मॅडमच्या वर्गातल्या बत्तीसही मुलींनी ‘ओला लंगोट’ असं लिहिलं. बत्तीसही जणींना शून्य मिळालं.